डावऱ्या हाताची भिंत

रोहिणीच्या क्रूझरमध्ये ती आठच माणसं घेते. रविवारी सकाळी सात वाजता धाराशिवच्या बसस्थानकापासून निघायचं, दुपारपर्यंत लेणी बघायची, झाडाखाली डबे उघडायचे, मग तेर, आणि दिवस मावळायच्या आत परत. ती इतिहासात एम. ए. झालेली आहे. नेमकं बोलते, आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगते. तरी एकदा येऊन गेलेली माणसं पुन्हा येतात ती आपल्यासाठी नव्हे, हे तिनंच मला हसत सांगितलं. ती येतात इरम्मासाठी.

इरम्मा जळकोटची, वडाराच्या घरातली. जन्मतारीख विचारली की म्हणते, "खडीच्या ढिगावर झाले म्या. तितं तारीक लिवायला कोण बसलं व्हतं?" चेहऱ्यावरून साठीच्या आसपास असावी. बाप खाणीत दगड फोडायचा. आई पाटे घडवायची. इरम्माच्या वाट्याला आली टाकी.

वापरून वापरून पाटा गुळगुळीत होतो. मग मिरची नुसती सरकत राहते, वाटली जात नाही. अशा पाट्यावर छिन्नीनं बारीक, सारख्या अंतरावर घाव घालायचे आणि त्याला पुन्हा खरबरीत करायचं, याला टाकी लावणं म्हणतात. चौदाव्या वर्षापासून इरम्मा हेच करत आली. खाकी कापडाची पिशवी, तीत तीन छिन्न्या आणि एक हातोडी. जळकोट, नळदुर्ग, लोहारा, माकणी, तुळजापूर, गल्लीच्या तोंडाशी उभं राहून हाळी द्यायची, "पाट्याला टाकीऽऽ, जात्याला टाकीऽऽ." नवरा लवकर गेला. दोन मुली तिनं या हाळीवर वाढवल्या, शिकवल्या, त्यांची लग्नं केली. पुढं घरोघर मिक्सर आले. "त्येला टाकी लावता येत न्हाय," ती म्हणते, "न्हायतर त्येलाबी लावली असती."

रोहिणीच्या आईनं, सुमनबाईंनी, मात्र पाटा सोडला नव्हता. दोन वर्षांपूर्वी इरम्मा त्यांच्या अंगणात बसून टाकी लावत होती. रोहिणी ओट्यावर उभी राहून फोनवर कुणाला तरी लेण्यांबद्दल सांगत होती. फोन ठेवल्यावर हातोडी न थांबवता इरम्मानं विचारलं, "ते डोंगरातलं घर वर्नं खाली खोदलं का समोरनं आत?"

रोहिणी ओट्यावरून उतरून अंगणात आली. तिच्या सगळ्या अभ्यासात हा प्रश्न तिला इतक्या साध्या शब्दांत कुणी विचारला नव्हता.

पुढच्या रविवारी इरम्मा गाडीत होती. लेण्यात शिरल्यावर तिनं मूर्तीकडं आधी बघितलं नाही. मान वर करून छताकडं बघितलं, मग कोपऱ्यात गेली, मग खांबाच्या तळाशी उकिडवी बसली. शेवटी म्हणाली, "आधी छत. मग खांबाचं डोस्कं. मग खाली. उभ्याउभ्यानं सुरू केलंय आन् बसून संपिवलंय." त्या दिवसापासून सहलीचे दोन आवाज झाले. रोहिणी सांगायची की ही लेणी आधी बौद्धांची की जैनांची यावर विद्वानांत मतभेद आहेत. इरम्मा सांगायची की ज्याची असतील त्याची असू देत, खोदणाऱ्याला सकाळचा उजेड कुठून मिळत होता ते बघा. हा दगड मूळचाच कवळा, पोटात पांढरे खडे असलेला. घाव जपून घालावा लागतो, नाहीतर कडा ढासळते. "असल्या दगडात खांब उभा करायचा म्हंजे," ती म्हणायची, "ओल्या भाकरीला कोपरं काढायचं काम हाय."

मोठ्या लेण्याच्या कडेला एक अंधारी खोली आहे. तिथली एक भिंत या पावसाळ्यात तिच्या नजरेत भरली; ती कुणाला नीट दाखवायची अजून राहिली होती. तिचं म्हणणं, ती भिंत तासणाऱ्यांत एक डावरा होता.

मग पावसाळा सरता सरता ती गोष्ट घडली.

लेण्यांकडं उतरणाऱ्या वाटेवर, फाटकाच्या अलीकडं, काही दगडी पायऱ्या आहेत. त्यातली एक पाय लागून लागून गुळगुळीत झाली होती. त्या रविवारी परांड्याहून आलेल्या एक शिक्षिका त्या पायरीवरून घसरल्या, थोडक्यात वाचल्या. सगळे पुढं गेले. इरम्मा मागं राहिली. दहा मिनिटांनी मागून ठक् ठक् ठक् असा एकसारखा आवाज यायला लागला. चौकीदार धनाजी काठी घेऊन धावत गेला, तर इरम्मा पायरीशी मांडी घालून बसलेली, पदर खोचलेला, आणि निम्म्या पायरीवर पाट्यासारखी सुरेख टाकी लावून झालेली.

"मावशी! आवो काय करताय?" धनाजी ओरडला.

"बाई पडली की आत्ता," इरम्मा म्हणाली. "गुळगुळीत झालीय. झालंच, इत्कं ऱ्हायलंय."

शेजारीच निळी सरकारी पाटी होती. हे संरक्षित स्मारक आहे, कोरणं-खरडणं हा गुन्हा आहे, असं तिच्यावर लिहिलेलं. इरम्माला अक्षरं येत नाहीत. आली असती तरी, मला वाटतं, तिनं ती स्वतःला लावून घेतली नसती. कोरणारी माणसं म्हणजे बदाम काढून नावं लिहिणारी पोरं. ती तर दुरुस्ती करत होती.

धनाजीनं वर कळवलं. त्याला कळवावंच लागलं. उत्तर आलं की पाहणी होईपर्यंत या बाईला आत सोडू नये.

दुसरी कुणी असती तर यायची थांबली असती. इरम्मा दर रविवारी येत राहिली. गाडीतून उतरून फाटकाबाहेरच्या दगडावर बसायची आणि आत जाणाऱ्यांना कामं वाटून द्यायची. तुम्ही छताचा कोपरा बघा. तुम्ही खांब मोजू नका, खांबाची कंबर बघा. आणि प्रत्येकाला शेवटी एकच, "कडंच्या खोलीत आमचा डावरा हाय. त्येला बघून या." माणसं दोन तासांनी परत आली की ती उठून उभी राहायची. "गावला का?"

पाच रविवार कुणाला तो गावला नाही. मीही त्यातली. मोबाइलचा उजेड टाकून मी ती भिंत इंच इंच बघितली होती. मला सगळीकडं नुसती खरबरीत भिंत दिसली. बाहेर येऊन तिला तसं सांगताना मला माझ्या डोळ्यांची लाज वाटली. ती रागावली नाही. फक्त खाली बसत म्हणाली, "म्या आत असते तर दावला असता."

तिला आत जायचं होतं ते एवढ्याचसाठी. आपण सांगतो ते खरं आहे हे सांगून पटत नव्हतं, ते दाखवावं लागणार होतं. आणि दाखवणारी एकटीच फाटकाबाहेर होती.

सहाव्या रविवारी पुरातत्त्व खात्याचे साहेब पाहणीला येणार असल्याचं धनाजीनं कळवलं. त्या दिवशी मी गाडीत होते. शेजारी उमाशंकर सर बसले होते. माकणीच्या धरणावर तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले अभियंते, पहिल्यांदाच येत होते. इरम्मानं ठेवणीतलं हिरवं इरकल नेसलं होतं. मांडीवर तीच खाकी पिशवी.

"मावशी, आज तरी पिशवी घरी ठेवायची," रोहिणी वळून म्हणाली. "साहेबांच्या समोर हातोडी घेऊन जाणार तुम्ही?"

"तू तुजं आयकारड घरी ठिवलं का?"

रोहिणीनं गळ्यातल्या कार्डाला हात लावला आणि पुढं बघितलं. उमाशंकर सर खिडकीकडं तोंड करून हसले.

साहेब आधीच येऊन पायरीशी उभे होते. तरुण होते, शांत, हातात फाइल. सगळे जमल्यावर त्यांनी इरम्माला नमस्कार केला, हे मला आवडलं. मग म्हणाले, "मावशी, पायरीवर हे घाव तुम्ही घातले?"

"व्हय. म्याच."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणीबी न्हाय. हातानं सांगिटलं."

"चूक झाली, हे मान्य आहे?"

"हाय की." ती जराही अडखळली नाही. "आमच्यात रीत हाय. घरधनीण सोता पाटा पुढं सरकिवती, मगच आमी हातोडी उचलतो. सरकिवल्याबिगर न्हाय. पाटा कित्ती का झिजलेला असंना. हितं म्या कुणाला इचारलं न्हाय. चाळीस वरसांत पयल्यांदा असं झालं. लिवा, चूक माजी."

साहेबांनी लिहिलं. रोहिणीच्या खांद्यावरचा ताण उतरलेला मला दिसला. एवढं कबूल केल्यावर समज देऊन प्रकरण मिटेल, असं तिला धनाजी म्हणाला होता. साहेबांनी लिहिलेलं वाचून दाखवलं, "सदर महिलेने लेण्यांच्या काळातील पुरातन पायरीवर..."

"थांबा," इरम्मा म्हणाली. "ते न्हाय लिवायचं."

"काय?"

"पुरातन. ही पायरी त्येंची न्हाय."

रोहिणी तिच्या कानाशी वाकली. "मावशी, राहू द्या ना. मिटतंय आता."

"कसं ऱ्हाऊ दिऊ?" इरम्माचा आवाज चढला. "माज्या नावावर चूक लिवा, माजं कायबी म्हनणं न्हाय. पर ह्यो दगूड त्येंच्या नावावर का लिवता? ज्येंनी त्यो डोंगूर वर्नं खाली उतरिवला ती माणसं असली पायरी बसिवतील? एका अंगाला कललेली? त्येंना लाज वाटली असती."

साहेबांनी पेन थांबवलं. थट्टा करावी की रागवावं, हे त्यांना ठरवता येईना असं वाटलं. मग ते म्हणाले, "मावशी, इथं सगळे या पायऱ्या जुन्याच समजतात. नवी आहे कशावरून?"

"टाकी लावताना वास आला."

कुणीतरी खुदकन हसलं. इरम्मानं तिकडं लक्ष दिलं नाही. "हितला दगूड कवळा, त्येला मातीचा वास. ह्यो दुसऱ्या खाणीतला, कडक. छिन्नी नाचत व्हती. आन् खाली हात घाला. पावसानं माती गेलीय तितं, डाव्या बाजूला. हात जाईल. काय लागतंय सांगा."

खाली हात घालायचा म्हणजे वाटेवर आडवं पडावं लागणार होतं. साहेबांनी आपल्या स्वच्छ शर्टाकडं बघितलं. धनाजीनं काठी बाजूला ठेवली आणि तो पोटावर झोपला. खांद्यापर्यंत हात आत गेला.

"साप-बीप न्हाय ना मावशी?"

"असला तर सांगंल की तुला."

"थांबा... हितं काय तरी हाय. खोबणी. गोल हाय. नळी उभी चिरल्यावानी." त्यानं बोट पुढं सरकवलं. "सरळ गेलीय. एकदम सरळ."

उमाशंकर सर इतका वेळ मागं उभे होते. ते पुढं आले, पँट सावरत गुडघ्यावर बसले आणि त्यांनीही हात घातला. माणूस ओळखीच्या घराची कडी चाचपतो तसा त्यांचा चेहरा झाला.

"साहेब," ते म्हणाले, "हा सुरुंगाचा होल आहे. दगडात ड्रिल मारून दारू भरतात, दगड फुटला की निम्मी नळी अशी एका बाजूला राहते. धरणाच्या कामावर मी असले हजारो बघितलेत. हे मशीनचं काम आहे. फार तर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं."

साहेबांनी फाइल मिटली, घड्याळ काढून धनाजीकडं दिलं आणि ते स्वतः वाटेवर झोपले. उठले तेव्हा शर्टाला पोटावर तांबडी माती लागली होती. ती त्यांनी झटकली नाही.

"हे तुम्ही त्याच दिवशी का नाही सांगितलं?" त्यांनी विचारलं. "सहा आठवडे बाहेर बसलात."

"कुणी इचारलं न्हाय. आन् सांगून काय? नवी असू दे न्हायतर जुनी, इचारल्याबिगर हात लावला ती चूक तितंच ऱ्हाती."

त्यांनी 'पुरातन' शब्दावर रेघ मारली. वर लिहिलं, 'अलीकडच्या काळात बसवलेल्या'. आणि तिला वाचून दाखवलं. इरम्मानं मान हलवली. सही म्हणून अंगठा देताना तिनं तो आधी पदराला पुसला.

"आता आत जा," साहेब म्हणाले. "पण पिशवी बाहेर राहील. आजच नाही, कधीच आत येणार नाही."

इरम्मानं पिशवी खांद्यावरून काढली. तशी ती एकदम बारकी दिसायला लागली. पण पिशवी तिनं खाली ठेवली नाही. धनाजीच्या पुढ्यात धरली. "संबाळ. धाकटी छिन्नी माज्या आयची हाय."

धनाजीनं ती दोन्ही हातांनी घेतली.

त्या पायरीवरून आम्ही सगळे उतरलो. खालच्या दोन पायऱ्यांवर आमच्यातल्या दोन बायकांनी एकमेकींचे हात धरले. टाकी लावलेल्या पायरीवर कुणाला धरावं लागलं नाही.

लेण्यात शिरल्यावर इरम्मा कुणासाठी थांबली नाही. मोठ्या दालनाच्या मधून सरळ चालत गेली, जुन्या ओळखीच्या घरात जातात तशी, आणि कडेच्या खोलीशी थांबली. आम्ही सवयीनं मोबाइल काढले.

"बंद करा ते. तोंडावर उजेड टाकल्यावर माणूस दिसतो का कुणाला? डोळं मिटतो त्यो." तिनं सरांना हाताला धरून दाराच्या एका अंगाला उभं केलं. "तुमी हितनं, भितीला चिटकून, तिरका पाडा. भितीवरनं सरकत जाऊ द्या."

सरांच्या मोबाइलचा उजेड भिंतीला घासत गेला आणि इतके रविवार नुसती खरबरीत वाटलेली भिंत एकदम रेघांनी भरून गेली. प्रत्येक घावाला आपली सावली मिळाली. इरम्मा भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून उभी होती. तळवा भिंतीला लागू न देता तिनं हवेतच फिरवला.

"ही दाराची बाजू बघा. घाव वर उजवीकडनं खाली डावीकडं आलेत. उजव्या हाताचा माणूस. त्येच्या म्होरंबी तसंच. आता ह्या कोपऱ्यात या."

आम्ही गेलो. तिथं रेघा उलट्या उतरत होत्या. वर डावीकडून खाली उजवीकडं, एका मापाच्या, एका अंतराच्या, न चुकता छतापासून जमिनीपर्यंत. इतकं साधं होतं. दोन शेतांतल्या नांगरटीची दिशा वेगळी असावी तसं. जिथं उजव्याचे घाव संपत होते आणि डावऱ्याचे सुरू होत होते तिथं एक उभी ओळ पडली होती, आणि त्या ओळीवर दोघांनीही एकमेकांचा घाव मोडला नव्हता.

"दोघं खांद्याला खांदा लावून बसलेत," इरम्मा म्हणाली. "ह्येला कुणीतरी म्हनलं आसंल, उजव्यानं कर बाबा. ह्येनं न्हाय ऐकलं. बघा, त्येच्यापरीस ह्येचा हात साफ हाय."

या लेण्यांबद्दल मी बरंच वाचलं आहे. राजांची नावं वाचली आहेत, कथा वाचल्या आहेत. त्या भिंतीसमोर पहिल्यांदा मला वाटलं की इथं कुणीतरी एक माणूस होता. त्याला घाम येत होता, त्याचं कोपर शेजाऱ्याला लागत होतं, आणि त्याला आपलं काम चांगलं येत होतं.

साहेब दारात उभे होते. ते केव्हा आले ते कळलं नव्हतं. त्यांनी फाइलमधला एक कोरा कागद काढला, भिंतीचं साधं चित्र काढलं आणि रेघांच्या दिशा त्यावर बाणांनी दाखवल्या. मग विचारलं, "मावशी, अजून कुठं कुठं दिसतं असं?"

"बसा की निवांत," ती म्हणाली. "सांगते."

त्यांच्या मागून धनाजी डोकावत होता. पिशवी त्यानं फाटकापाशी खोलीत कुलूप लावून ठेवली होती. तेवढं आधी सांगितलं आणि मग तो भिंतीकडं बघत राहिला.

"आईशपत," तो म्हणाला. "अकरा वरसं झाडतोय म्या ही खोली."

"झाडणारानं खालीच बघायचं असतं," इरम्मा म्हणाली. "ते तुजं काम तू चोख केलं. आता मान वर कर. उद्यापासनं येणाऱ्याला तूच दावायचा."

धनाजीनं सरांच्या हातातला मोबाइल घेतला, भिंतीला चिकटून उभा राहिला आणि उजेड तिरका धरला. हात जरा जास्त वर गेला होता. इरम्मानं त्याच्या कोपराला खालून बोट लावलं आणि तो नीट केला.